गालावरचा हात

जमुना गावंडेला डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे शाळेत सगळ्यांच्या आधी मला कळलं. मी फार दक्ष शिक्षिका होते म्हणून नव्हे. मॅट्रिकच्या वर्गात ती दुसऱ्या बाकावर मान किंचित डावीकडे वळवून, उजवा कान फळ्याकडे धरून बसायची. तसं बसणं मला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः तशीच बसत असे.

१९६२ सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. राजापेठेत भावाच्या घरी माझी एक खोली होती. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही. ते का झालं नाही, हे मला पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही विचारावं लागत नसे. माझ्या चेहऱ्याची डावी बाजू हलत नाही. भुवई वर जात नाही, डोळा पुरता मिटत नाही, हसले तर ओठ नुसते उजवीकडे ओढले जातात. म्हणून मी हसत नसे. मुली माझ्यामागे 'वाकडी बाई' म्हणत, तेही मला माहीत होतं.

हे जन्माचं नव्हतं. विसाव्या वर्षी माझ्या कानाच्या आत, कवटीच्या तळाच्या हाडात एक गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, साधीच. पांढरी आणि मोत्यासारखी चकचकीत होती म्हणे. पण वाढत वाढत ती मेंदूकडे निघाली होती. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. ज्यांनी केली ते सज्जन गृहस्थ होते. वडिलांना म्हणाले, "गाठ चेहऱ्याच्या नसेला चिकटली होती. नस सोडवत बसलो असतो तर मुलगी टेबलावरून उठली नसती." जीव वाचला म्हणून आईनं अंबादेवीची ओटी भरली. माझी पत्रिका वडिलांनी कपाटात ठेवली, ती पुन्हा बाहेर काढली नाही. मी बी. टी. झाले आणि शाळेत लागले.

जमुना दर्यापूरजवळच्या खेड्यातली, वसतिगृहात राहायची. वडील खुशालराव गावंडे, काळ्या जमिनीचे चांगले शेतकरी. मुलगी मॅट्रिक झाली पाहिजे हा त्यांचा हट्ट. जमुना हुशार होती, पण तिच्याकडे बघून आधी ते मनात येत नसे. आधी तिचं हसू दिसायचं. डोळे हसायचे, मग डाव्या गालावर खळी पडायची, मग सगळा चेहरा उजळायचा. स्नेहसंमेलनात तिनं सगळ्या शिक्षिकांच्या नकला केल्या होत्या, माझी सोडून. तिनं माझी नक्कल केली नाही, हे मला त्या वेळी फार आवडलं होतं. तिच्यावर माझा जीव होता, हेही सांगून टाकते.

मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "कान तर वर्षभरापासून बंद आहे बाई. आता चक्करही येते. घरी सांगितलं तर शाळा सोडवतील."

मी घरी पत्र पाठवलं. आठवड्यात खुशालराव आणि जमुनाची आई लीलाबाई दोघंही आले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी कान तपासला आणि म्हणाले, अकोल्याला जा, तिथं डॉक्टर हरदास नवे आले आहेत, जर्मनीत दोन वर्षं शिकून आलेत. गावंडे नवरा-बायको मला म्हणाले, "बाई, तुमी संगं चाला. आमाले त्यायचं बोलनं समजनार नाही." मी रजा टाकली आणि आम्ही चौघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो.

डॉक्टर कमलाकांत हरदास पस्तिशीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी जमुनाला तपासलं, डोक्याचा फोटो काढला, आणि सगळ्यांना बाहेर बसवून मला एकटीला आत बोलावलं. फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "इथं हाड पोखरलं गेलंय, दिसतंय का? साधी गाठ आहे. पण अशीच सोडली तर आधी चेहऱ्याची नस जाईल आणि मग ती मेंदूपर्यंत पोचेल. काढायलाच हवी. मी वडिलांना सांगितलं, पण त्यांना किती कळलं कोण जाणे. तुम्ही नीट समजावून सांगा. तुमच्या तोंडून त्यांना पटेल."

"आणि चेहरा?" मी विचारलं.

"चेहरा वाचेल असं वाटतं." त्यांनी कोपऱ्यातल्या, पांढरं कापड झाकलेल्या उंच यंत्राकडे बोट दाखवलं. "ती दुर्बीण मी तिकडून आणली. तिच्यातून नस शिवणाच्या दोऱ्यासारखी स्वच्छ दिसते. पूर्वी कपाळावरच्या आरशाच्या उजेडात, छिन्नी-हातोडीनं करायचे. काय कापतोय ते कळायचंच नाही बिचाऱ्यांना."

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं. माझ्या कानामागचा व्रण पाहिला, डावा गाल बोटांनी दाबला, भुवई वर करायला सांगितली. मी उजवी तेवढी वर केली.

"किती वर्षं झाली?"

"बारा."

"स्नायूच सुकले आहेत. आता काही करता येणार नाही." आणि अगदी मायेनं पुढं म्हणाले, "तुम्ही दहा-बारा वर्षं लवकर आजारी पडलात."

मी बाहेर आले. बाकावर जमुना आईशेजारी बसून बोरं खात होती. वडिलांच्या धोतराला गाडीतलं काहीतरी चिकटलं होतं, त्यावरून ती हसत होती. तीच खळी, त्याच गालावर. इतकी वर्षं मी धडधाकट बायकांचा हेवा कधी केला नव्हता. मी आजारी पडले, त्या पडल्या नाहीत, त्यात काय करायचं? पण हिला माझाच आजार होता. तीच बाजू, तीच गाठ. आणि हिचं हसू शाबूत राहणार होतं, केवळ ती उशिरा जन्माला आली म्हणून.

परतीच्या प्रवासात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खांदा हलवला नाही. पण ते डोकं मला जड झालं होतं.

पुढच्या रविवारी दुपारी खुशालराव आणि लीलाबाई काय ते ठरवायला माझ्याकडे आले. वहिनीनं तीन कप चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं, कारण तिसरा कप मी मागवला होता. मी चारचौघांत कधी काही पीत नसे. ओठांची डावी बाजू मिटत नाही, तिथून चहा ओघळतो. शाळेतही शिक्षिकांच्या खोलीत मी पाण्याचा घोट घेत नसे, मुलींनासुद्धा ते ठाऊक होतं.

खुशालराव म्हणाले, "बाई, डाक्टर म्हनते कवटी खोदा लागते. जमुना म्हने तुमालेही असंच झालं होतं. मंग हे तुमचं तोंड... हे आपरेशननं झालं काय?"

त्यांना सांगायला माझ्याजवळ पुष्कळ होतं. दुर्बिणीबद्दल सांगायचं होतं. गाठ राहिली तर चेहरा तसाही जाईल आणि मग जीवही जाईल, हे सांगायचं होतं. त्याचसाठी तर डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं.

"हो," मी म्हणाले. "ऑपरेशननंच."

आणि कप उचलून चहा प्यायले. डाव्या कोपऱ्यातून तो ओघळला, हनुवटीवर आला, पदरावर पडला. मी लगेच पुसला नाही.

खुशालरावांनी आपला कप खाली ठेवला. मग उठून म्हणाले, "नाही करा लागत आपल्याले. पोट्टीचं लगन कराचं हाये मले." जाताना दारात लीलाबाईंनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

मी खोटं काही बोलले नव्हते. हे मी त्या दिवशी स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

पुढचे दिवस मी कशी वागले ते आठवलं की अजून लाज वाटते. जमुनाच्या संस्कृतच्या पेपरात अक्षर वाईट म्हणून मी तीन गुण कापले. अक्षर वाईट नव्हतं. वर्गात ती हसली की मी तिला उभी करून प्रश्न विचारायची. तिला वाटलं, ऑपरेशनला नाही म्हटलं म्हणून बाई रागावल्या. एकदा वर्ग सुटल्यावर जवळ येऊन म्हणाली, "बाई, मी तर तयार होते. बाबाच नाही म्हणतात. तुम्ही एकदा त्यांच्याशी बोला ना." मी म्हणाले, "वडिलांच्या मनाविरुद्ध मी काय बोलणार?" डिसेंबरात तिला जिन्यावर चक्कर आली आणि नाताळात ती घरी गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या बाकावरची जागा रिकामी झाली आणि मला हायसं वाटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी लीलाबाई एकट्याच आल्या. दर्यापूरहून पहिल्या बसनं निघाल्या असाव्यात, पायातल्या वहाणा धुळीनं भरलेल्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"जमुनाचं तोंड तुमच्यासारखं होऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "अर्धं झालं. गाल सारखा उडते. रातच्याले डोया लागत नाही. डोकं धरून बसते दिवसभर."

"आमी अकोल्याले गेलो काल. डाक्टर म्हने, म्या तं बाईले सारं सांगून ठेवलं होतं. गाठ ठेवली तं असं होईनच म्हने. तुमी आमाले हे काहून नाही सांगतलं?"

"खुशालरावांनी जेवढं विचारलं तेवढं मी..."

"ते राहू द्या." त्यांनी मला मधेच तोडलं. "तुमी त्या दिशी चहा पेला. जमुनानं मले पहिलेच सांगतलं होतं, बाई कोनापुढं घोट घेत नाहीत म्हनून. म्या पाह्यलं. ह्यायले नाही समजलं, ते पुरुषमानूस. मले समजलं."

मी भिंतीला टेकले. बारा वर्षांत माझ्याकडे कोणी इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"मंग तुमी तेव्हाच काहून..." मला वऱ्हाडीतच विचारावंसं वाटलं, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"म्याही भेली," लीलाबाई म्हणाल्या. "तुमचं तोंड पाहून म्याही भेली. खोटं काहून बोलू?" मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "तुमच्या मनात काय असन ते असो बाप्पा. ह्यायनंही हो म्हटलं आता. पोरगी म्हनते, बाई संगं असन तंच मी टेबलावर झोपतो. चाला आता."

मी गेले. उपकार करायला गेले असं म्हणणार नाही. न जाण्याची सोय लीलाबाईंनी ठेवली नव्हती.

शस्त्रक्रिया मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठला ठरली. डॉक्टर हरदासांचा दवाखाना लहान होता. खाटा सहा आणि नर्स दोन. त्यातली एक त्याच दिवशी तापानं पडली. भूल देणारे डॉक्टर अमरावतीहून आले होते, त्यांचे दोन्ही हात भुलीतच गुंतलेले. उरलेल्या नर्सला हत्यारं द्यायची होती. डॉक्टरांना आणखी एक माणूस हवा होता. ते बाहेर आले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "रक्त पाहून चक्कर येते का तुम्हाला?"

"नाही."

"मग हात स्वच्छ धुवा आणि आत या. काम सोपं आहे, पण माझ्या डोळ्यांना ते करता येत नाही. मी दुर्बिणीत असेन, तिचा चेहरा कापडाखाली असेल. तुम्ही कापडाखालून तिच्या गालावर तळहात ठेवून बसायचं. माझं हत्यार नसेच्या फार जवळ गेलं की गाल थरथरेल. थरथरला की लगेच सांगायचं. लगेच, बरं का. मी तिथल्या तिथं हात थांबवीन."

लीलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. 'ही नको' असं त्या म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. माझा हात धरून त्यांनी एकदा दाबला आणि सोडला.

मी स्टुलावर बसले. हिरव्या कापडाखाली जमुनाचा डावा गाल माझ्या तळहाताखाली होता. गरम, थोडा ओलसर. ईथरचा वास घशात बसत होता. डॉक्टर दुर्बिणीला डोळे लावून बसले, आणि मग किती तरी वेळ फक्त हाड कोरण्याचा घरघर आवाज येत राहिला. घड्याळ माझ्या मागे होतं. माझी पाठ भरून आली, तळहात मात्र मी तसाच ठेवला.

मध्येच डॉक्टर म्हणाले, "आली. गाठ आली. पाहा सिस्टर, मोती आहे नुसता." नर्सनं वाकून पाहिलं. मला उठता येत नव्हतं. मग ते चिमट्यानं एकेक पांढरा पापुद्रा काढून बशीत ठेवू लागले. "आता नसेवरचं काढतो. बाई, लक्ष ठेवा."

आणि गाल थरथरला.

फार बारीक. हातात धरलेल्या पाखराच्या छातीसारखा. एकदा, मग पुन्हा. माझ्या स्वतःच्या गालाला बारा वर्षांत अशी हालचाल झाली नव्हती. कशी असते ते मी विसरूनही गेले होते. इथं ती माझ्या हाताखाली होती, जिवंत, आणि ती कापली जाऊ नये एवढ्यासाठी मला तिथं बसवलं होतं.

मी बोलले नाही.

किती वेळ? एक श्वास घेऊन सोडेपर्यंत. मला नवल वाटलं म्हणून मी थांबले, असं मी नंतर स्वतःला समजावून पाहिलं. तेही खरं असेल. पण त्या एका श्वासात माझ्या मनात आलं होतं की मी गप्प राहिले तर आम्ही दोघी सारख्या होऊ.

"काही?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो! हलला, गाल हलला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की भुलीच्या डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं.

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी हत्याराची दिशा बदलली. नंतरच्या दीड तासात गाल नऊ वेळा हलला, आणि नऊही वेळा मी ती थरथर संपायच्या आधीच सांगितलं. गाठीचा थोडा पापुद्रा नसेला अगदी घट्ट चिकटलेला होता. तो डॉक्टरांनी तसाच ठेवला. म्हणाले, "एवढा राहू दे. लक्ष ठेवू त्याच्यावर. ह्यापायी नस तोडायची नाही."

दुपारी जमुना शुद्धीवर आली. डॉक्टर म्हणाले, "डोळे मीट पाहू." डावा डोळा हळू मिटला, पण मिटला. गाल आधीच्या इतकाच, अर्धा हलत होता. खुशालराव दारात उभे होते, त्यांनी डॉक्टरांचे पायच धरले. मी कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांबरोबर हसायचा प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले तर लीलाबाई खाटेजवळ उभ्या होत्या आणि जमुना रडत होती. ती उजव्या डोळ्यानं रडत होती. डावी बाजू पार गेली होती. भुवई, डोळा, ओठ, सगळं माझ्यासारखं.

मला आधी काय वाटलं ते लिहिते. बरं वाटलं. क्षणभरच. आणि लगेच त्या बरं वाटण्याची मला अशी भीती वाटली, की मी खोलीतून बाहेर पडून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. तिथं एक रोगी बसला होता. त्याला मी उठवलं.

"माझ्यामुळं झालं," मी म्हणाले. "पहिल्यांदा गाल हलला तेव्हा मी लगेच सांगितलं नाही. मला कळलं होतं. मी थांबले."

डॉक्टरांनी विचारलं, "का थांबलात?"

"तिचा चेहरा वाचणार होता म्हणून."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद ओढून एक रेघ काढली. "ही नस. तोडली असती, तर चेहरा टेबलावरच पडला असता. तिनं त्या दिवशी डोळा मिटला, तुम्ही पाहिलंत. म्हणजे नस सबंध आहे. आता तिला सूज आलीय, दोन महिन्यांत उतरेल. अशी सूज नुसत्या हाताळण्यानंही येते."

"त्या एका श्वासात तुमच्या हातून काही..."

"त्या एका श्वासात मी काय करत होतो, मला आठवत नाही, प्रमोदिनीबाई," ते म्हणाले. "धक्का लागला असेल, नसेलही. तुमचं समाधान करायला मी खोटं बोलणार नाही." मग चष्मा घालत म्हणाले, "तिला चेहऱ्याचे व्यायाम करावे लागतील. रोज दोन वेळा, आरशासमोर. तुम्हाला येत असतील."

मला येत होते. नागपूरहून आल्यावर मी ते दोन वर्षं केले होते. त्यांचा काही उपयोग व्हायचा नव्हता, पण नस तुटली आहे हे वडिलांनी मला तेव्हा सांगितलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी जमुनाला अमरावतीला आणलं. लीलाबाईंनीच मला विचारलं, तिला तुमच्या खोलीत ठेवता का. शाळेआधी आणि शाळेनंतर आम्ही दोघी आरशासमोर बसू लागलो. भुवई वर, डोळा मीट, गाल फुगव, ओठांचा चंबू करून शीळ घाल. आरशात दोन वाकडे चेहरे दिसायचे, आणि तिचा आवाज ऐकला नसता तर ती माझी लहान बहीणच वाटली असती. त्या तीन आठवड्यांइतकं माझं तिच्यावर प्रेम कधीच नव्हतं. ती माझ्यासारखी होती तोवर मला तिच्यावर प्रेम करणं सोपं होतं.

एप्रिलच्या वीस तारखेला सकाळी ती एकदम म्हणाली, "बाई, पाहा!" ओठाचा डावा कोपरा हलला होता, सुई टोचावी इतकाच. तिनं पुन्हा हलवला. मग ती मला मिठी मारून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिच्या खांद्यावरून आरशात माझंच तोंड मला दिसत होतं.

मी तिला तिच्या आईवडिलांपुढं मुद्दाम प्यायलेल्या त्या चहाची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेत होती, तेव्हा तिची उजवी बाजू आक्रसली आणि डावी मागोमाग, जरा उशिरा.

"आईनं मला ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

"आणि तरी तू मला टेबलाजवळ मागितलंस?"

"मला भीती वाटत होती. तुमच्याशिवाय कोणाला माहीत होतं की आत काय असतं?" मग म्हणाली, "राग आला होता. अजूनही येतो. व्यायाम करू ना?"

आम्ही व्यायाम केला.

जूनपर्यंत तिचा चेहरा भरून आला. डावा कान गेला तो गेलाच, त्यात ऐकू यायचं नव्हतं. पुढच्या वर्षी ती मॅट्रिक झाली. १९६५ साली परतवाड्याच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. मी पहिल्या रांगेत बसले. ती हसली, तेव्हा तिची डावीकडची खळी पूर्वीपेक्षा उथळ पडते हे मला दिसलं. आणखी कोणाला ते दिसलं असेल असं वाटत नाही. मला दिसलं, आणि त्यानं मला थोडं सुख झालं. तेवढं सुख मी स्वतःला अजून सोडायला लावू शकलेले नाही.

डॉक्टर हरदासांचं पत्र त्याच वर्षी, सप्टेंबरात आलं. त्यांच्याकडे आता तीन नर्स होत्या. तरी त्यांनी लिहिलं होतं, कानाची अवघड शस्त्रक्रिया रविवारी ठेवतो, गालावर हात ठेवायला याल का? पुढं होतं, "त्या दिवशी नऊ वेळा तुम्ही दिलात तितका चटकन इशारा मला पुन्हा कोणाकडून मिळालेला नाही."

पहिल्या वेळेबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं. मी रविवारची पहिली गाडी धरली. तेव्हापासून चार वर्षं मी जाते आहे. आतापर्यंत चौदा चेहरे माझ्या हाताखालून गेले. मूर्तिजापूरचा एक वाणी, बाळापूरची एक विणकरीण, एक फौजदार. प्रत्येकाचा गाल हलतो तेव्हा मला हेवा वाटतो. नेमका तसाच, पहिल्या दिवशीसारखा. तो कमी होईल म्हणून मी वाट पाहिली, होत नाही.

गाल हलला की मी सांगते.